जुन्या झुमोत नवा नकाशा कसा भरायचा? (कोकण फेरीआधी मदत हवी)

सह्यवाट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या रायडरकडून गार्मिन झुमो ६६० हे गाडीवर लावायचं, वाट दाखवणारं जीपीएस यंत्र घेतलं. यंत्र जुनं आहे, पण ठणठणीत आहे. हातमोजे घालून पडदा दाबता येतो, पावसाची भीती नाही, आणि हँडलवर घट्ट बसतं. आधीच्या मालकाने त्यातला नकाशा बऱ्याच वर्षांत बदललेला नाही, अडचण एवढीच. गेल्या रविवारी एकटाच भोरच्या बाजूला गेलो होतो. यंत्र म्हणालं सरळ जा, म्हणून सरळ गेलो. दोन किलोमीटरवर डांबर संपलं, पुढे खडी, त्यापुढे चिखल आणि चिखलापलीकडे धरणाचं पाणी. पडद्यावरची गुलाबी रेघ मात्र पाण्यावरून थेट पलीकडच्या डोंगरात गेलेली. तिथे एक आजोबा म्हशी धूत होते. म्हणाले, "रस्ता होता की. पर तो आता खाली हाय." वाकून पाण्यात पाहिलं तर जुन्या मोरीचा कठडा खरोखरच दिसत होता.

येत्या शुक्रवारी चौघं निघतोय. पुणे, ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर. तिथून बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने खाडीपलीकडे, मग केळशी, दापोली, दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड, गणपतीपुळे आणि आंबा घाटाने परत. त्याआधी नवा नकाशा घालायचा आहे. दोन अडचणी आहेत.

यंत्र लॅपटॉपला जोडलं की चार्जिंग सुरू होतं, पण लॅपटॉपला ते दिसतच नाही. आणि एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, आतली जागा भरली आहे, नवा नकाशा मावणार नाही, नवीन यंत्र घ्या. खरंच दुसरा मार्ग नाही का?

---

पावसाळी | सोमवार, रात्री ९:५२

फोन लावा हँडलला. विषय संपला.

---

बुलेटवाली | सोमवार, रात्री १०:०५

@पावसाळी, विषय एवढ्यात संपत नाही हो. मी नागपूरहून दरवर्षी एक लांबची फेरी करते. मेच्या उन्हात हँडलवरचा फोन अर्ध्या तासात "तापमान जास्त" म्हणून बंद पडतो. पावसात काचेवर पडलेला थेंबही त्याला बोट वाटतो, नकाशा आपोआप सरकत राहतो. आणि मोठ्या इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातलं ओआयएस (फोटो हलू नये म्हणून असलेली सोय) खराब होऊ शकतं, हे २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच जाहीर केलं होतं. माझ्या भावाच्या फोनचं तेच झालं. त्याचे सगळे फोटो आता दारू पिऊन काढल्यासारखे येतात.

सह्यवाट, यंत्र विकू नका. केबल आधी तपासा. ६६० ला मिनी-यूएसबी लागते. घरात पडलेल्या मिनी-यूएसबी केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. ओळखायची खूण सोपी आहे. यंत्र जोडल्यावर पडद्यावर संगणकाला जोडल्याचं चित्र आलं तर केबल बरोबर. नेहमीचा नकाशा किंवा मेन्यूच दिसत राहिला तर केबल नुसती वीज देतेय.

---

रांगडा_कोल्हापूर | सोमवार, रात्री १०:११

केबलीचं ताईंनी बरोबर सांगितलं. मी तीन दिवस ड्रायव्हर उतरवत बसलेलो, शेवटी जुन्या कॅमेऱ्याची केबल लावली आणि पटकन चालू झालं. नाद खुळा.

आणि भावा, आंबा घाटानं वर येणार तर कोल्हापुरात मिसळ खाल्ल्याशिवाय पुढं जायचं न्हाई. नकाशात नसली तरी आम्ही दाखवतो.

---

टर्मिनल_तात्या | सोमवार, रात्री ११:३०

जरा सविस्तर लिहितो, कारण अशा यंत्रांत घाईघाईने काही पुसलं की फार पंचाईत होते.

आधी हे समजून घ्या की उपग्रह नकाशा पाठवत नाहीत. ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगतात, त्यावरून यंत्र आपण कुठे आहोत ते काढतं. नकाशा यंत्राच्या पोटात साठवलेला असतो. म्हणून डोंगरात मोबाइलची रेंज नसली तरी यंत्र चालतं, आणि म्हणूनच जुना नकाशा आपोआप नवा होत नाही.

केबल लागली की आत एक गार्मिन नावाचा फोल्डर दिसेल. काहीही करण्याआधी तो सगळा जसाच्या तसा लॅपटॉपवर उतरवून ठेवा. त्यात तीन प्रकारच्या नकाशा-फाइली सापडतील. 'जीमॅपबीमॅप' म्हणजे जगाचा ढोबळ पायानकाशा. 'जीमॅपप्रॉम' म्हणजे यंत्रासोबत आलेला मुख्य नकाशा. 'जीमॅपसप' म्हणजे आपण वरून घातलेला जादा नकाशा. पहिल्या दोनांना हात लावू नका. मुख्य नकाशाला कुलूप असतं आणि त्याच्या किल्लीच्या छोट्या फाइलीही तिथेच असतात. एकदा पुसल्या की नकाशा असून नसल्यासारखा.

जागा भरली हे दुकानदाराचं म्हणणं खरं असेल. रस्ते वाढले तसे नकाशे फुगले, जुन्या यंत्रांची आतली जागा तेवढीच राहिली. पण तुमच्या यंत्राला मायक्रोएसडीची खाच आहे. जादा नकाशा कार्डावर ठेवायचा, आतल्याला धक्का लावायचा नाही. नवीन यंत्र घ्यायची काही गरज नाही.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. त्यापुढची कार्डं एक्सफॅट पद्धतीने येतात, जुन्या यंत्रांना ती वाचता येत नाहीत. कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉर्मॅट करा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. तुम्हाला महाराष्ट्र-गोवाच हवंय, त्यामुळे ती मर्यादा आड येणार नाही.

---

सह्यवाट | मंगळवार, सकाळी ७:२०

तात्या, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

बुलेटवालीताई, केबलच होती! बायकोच्या जुन्या एमपी३ प्लेअरची केबल लावली आणि चित्र आलं. फोल्डर उतरवून ठेवला. आता कार्डावर कुठला नकाशा घालू? आणि एक विचित्र गोष्ट, फेऱ्यांच्या जुन्या नोंदींवरची तारीख चक्क वीसेक वर्षं मागची आहे. बॅटरी गेली का?

---

टर्मिनल_तात्या | मंगळवार, सकाळी ८:०२

बॅटरी नाही, आठवडा उलटलाय. जीपीएस उपग्रह आठवड्याचा क्रमांक १० बिटांत पाठवतात, म्हणजे ० ते १०२३. १०२३ झाले की परत शून्य. हे पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि नंतर ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री, जागतिक वेळेनुसार. आपल्याकडे तेव्हा ७ तारखेची पहाट होती. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर त्याआधीचं राहिलं त्यातली बरीच १०२४ आठवडे, म्हणजे साधारण १९ वर्षं ७ महिने मागे गेली. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी गार्मिन एक्सप्रेस या कंपनीच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमवरून यंत्राचं सॉफ्टवेअर, मग नकाशा. आणि सॉफ्टवेअर चढत असताना वीज जाता कामा नये. लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा, यंत्राचीही.

---

मुक्ता_पुणे | मंगळवार, सकाळी ९:१५

यंत्राच्या नावामागे एलएम असेल तर कंपनीचा नकाशा यंत्राच्या आयुष्यभर फुकट मिळतो. ते आधी बघा. नसेल तर एकदाची रक्कम भरून मिळतो, पण जुन्या यंत्रावर तेवढे पैसे घालायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्याकडे टॉमटॉम रायडर ५५० आहे, ते घरच्या वायफायवर रात्री लावून ठेवलं की सकाळपर्यंत काम झालेलं असतं.

---

नकाशावेडा | मंगळवार, दुपारी १:४०

धागा वाचून राहवेना, जेवण तसंच ठेवून लिहितोय.

मी चिपळूणचा. सहा वर्षं झाली, ओपनस्ट्रीटमॅपवर (पुढे ओएसएम म्हणतो) आमच्या भागातले रस्ते काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, सगळ्यांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा आहे. कोणीही दुरुस्त करू शकतो, कोणीही फुकट वापरू शकतो. गार्मिनच्या यंत्रांत चालेल अशा रूपातही तो मिळतो.

सोपा मार्ग बीबीबाइक या संकेतस्थळाचा. तिथे जगाच्या नकाशावर आपल्याला हवा तेवढा चौकोन आखायचा, प्रकारात गार्मिन निवडायचं, ईमेल द्यायचा. थोड्या वेळाने दुवा येतो. झिप उघडली की आत 'जीमॅपसप' नावाची आयएमजी फाइल असते. कार्डावर गार्मिन नावाचा फोल्डर करून त्यात ती फाइल ठेवायची. नाव बदलू नका, जुन्या यंत्रांना हेच नाव ओळखीचं असतं.

कार्ड घातल्यावर यंत्रात सेटिंग्ज, नकाशा, नकाशाची माहिती इथे जा. दोन नकाशे दिसतील. जुन्यावरची खूण काढा. दोन्ही चालू राहिले तर एकाखाली एक रस्ते दिसतात आणि वाट काढताना यंत्र कुठल्या नकाशावर जाईल त्याचा नेम नाही. नव्या नकाशाचा यंत्राला राग आलाय असं वाटण्याचं दहातल्या आठ वेळा हेच कारण असतं.

दोन उणिवाही सांगतो. यात घरनंबर, पत्ता टाकून शोधणं नीट जमत नाही. गावाच्या नावाने शोधा किंवा आधीच ठिकाणांच्या खुणा करून ठेवा. आणि जुन्या पडद्यांवर देवनागरी अक्षरं उमटत नाहीत, नावं रोमन लिपीतच दिसतील.

---

दुर्बीण_काका | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मुलांनो, छान चर्चा चालली आहे.

माझी उभी नोकरी मोजणीत गेली. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशांवर आम्ही वाढलो. पुणे शहर ४७ एफ क्रमांकाच्या नकाशापत्रकांत येतं. तेव्हा एक पत्रक नव्याने करायचं म्हणजे माणसं पायी डोंगर चढत, गावच्या पाटलाला विचारून ओढ्याचं नाव लिहून घेत. पत्रक छापून येईपर्यंत गावात नवी विहीर झालेली असायची. म्हणून पत्रकाच्या कोपऱ्यात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असे आणि आमचे साहेब सांगत, नकाशा उघडलास की आधी ते वर्ष वाच, मग डोंगर बघ.

तुमच्या यंत्रातही नकाशाच्या माहितीत वर्ष लिहिलेलं असतं. ते किती जण वाचता?

त्या काळी सविस्तर नकाशे सामान्य माणसाच्या हाती पडणं अवघड होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांच्या माहितीवरचे निर्बंध पुष्कळ सैल केले. आज चिपळूणचा एक मुलगा जेवण सोडून रस्ते काढतो आणि ते पुण्याच्या मुलाच्या गाडीवर उमटतात, हे वाचून खरोखर बरं वाटलं.

---

नकाशावेडा | मंगळवार, सायंकाळी ६:४८

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणते, "बघ, जेवण सोडलंस ते त्यांनाही कळलं."

---

बुलेटवाली | मंगळवार, रात्री ९:००

ओएसएमचा नकाशा मीही वापरते, पण दुचाकीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. आमच्याकडून मुंबईच्या दिशेला समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून शेवटपर्यंत खुला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, अटल सेतूवर, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही बंदी. मला झिप करून आलेल्या नकाशाने वर्ध्याजवळ थेट समृद्धीच्या टोलनाक्यावर नेऊन उभं केलं. सुरक्षारक्षक भला माणूस होता, त्याने गाडी वळवून दिली.

ओएसएममध्ये दुचाकीबंदी नोंदवलेली असते ना? मग यंत्राला ती कळत का नाही?

---

नकाशावेडा | मंगळवार, रात्री ९:३५

ताई, नेमका प्रश्न विचारलात. मूळ नकाशात बंदी नोंदवलेली असते. पण गार्मिनच्या रूपात तो बदलताना एमकेजीमॅप नावाचं साधन वापरतात, आणि तिथे वाहनांचे ठरावीक कप्पे आहेत. कार, बस, टॅक्सी, ट्रक, सायकल, पायी वगैरे. मोटरसायकलला वेगळा कप्पाच नाही. त्यामुळे कारला जे खुलं ते दुचाकीलाही खुलं धरलं जातं. यंत्रात वाहन म्हणून मोटरसायकल निवडलीत तरी बंदीची माहिती नकाशातून वाटेतच गळालेली असते.

उपाय म्हणजे सेटिंग्जमध्ये "टाळा" या यादीत टोलरस्ते किंवा महामार्ग यांवर खूण करायची, आणि फेरीच्या वाटेवर मध्ये मध्ये आपली ठिकाणं टाकून वाट बांधून घ्यायची. फोनवर ओएसएमॲण्ड या ॲपमध्ये मात्र मोटरसायकलसाठी वेगळी निवड आहे.

---

रांगडा_कोल्हापूर | मंगळवार, रात्री ९:५०

सह्यवाट, या "टाळा" यादीतच तुझी खरी गोम आहे. तिथं "फेरीबोट" असं पण असतं. त्यावर खूण असंल तर यंत्र तुला बागमांडल्याला नेणारच न्हाई. हरिहरेश्वरापासनं उलटं फिरवून आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरनं नेईल. पलीकडचं वेश्वी समोर डोळ्यांनी दिसतंय आणि यंत्र सांगतंय मागं वळ. आमच्या एका गड्याला तसंच केलं. फेरीबोटीची खूण काढ, मग आखणी कर. तुझ्या फेरीत तीन खाड्या आहेत, तिन्हीकडं हाच प्रश्न येणार.

---

इझारकाठी | बुधवार, पहाटे २:१५

म्युनिकहून. इकडे रात्र आहे आणि झोप येत नाही, म्हणून अवांतर लिहितो.

नकाशा अद्ययावत करताना काही यंत्रं वेगकॅमेऱ्यांची यादीही उतरवतात. भारतात आपण "वा, छान" म्हणतो. जर्मनीत गाडी चालवताना चालकाने अशी सूचना देणारी सोय वापरायची नाही असा वाहतूक नियम आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर त्याहून कडक. मी आल्प्समध्ये जाण्याआधी ती यादी यंत्रातून काढून टाकतो. परदेशात भाड्याने गाडी घेऊन फिरणारे आपले बरेच लोक स्वतःचं यंत्र सोबत आणतात, त्यांनी हे आधी बघावं.

आणि आखणीबद्दल एक. घरी बेसकॅम्पमध्ये (गार्मिनचा संगणकावर वाट आखायचा प्रोग्रॅम) सुंदर वाट आखली, यंत्रात घातली, आणि यंत्राने ती भलतीकडून नेली, असं कितीदा झालंय! याचं कारण असं. "रूट" म्हणजे नुसते टप्पे, मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून नव्याने काढतं. घरचा नकाशा एक आणि यंत्रातला दुसरा असेल तर वाटही दुसरी. "ट्रॅक" मात्र टिंबांची माळ असते, ती हलत नाही. म्हणून दोन्हीकडे तोच नकाशा ठेवा, आणि ट्रॅकही पडद्यावर वेगळ्या रंगात दिसत राहू द्या. रूट चुकला की ट्रॅक सांगतो.

---

पावसाळी | बुधवार, सकाळी १०:२०

एवढी खटपट वाचून मी फोनवरच बरा, असं पुन्हा वाटलं. पण ट्रॅक आणि रूटमधला फरक आज पहिल्यांदा कळला. तीन वर्षं जीपीएक्स फाइली (वाटांच्या नोंदी) इकडून तिकडे पाठवतोय आणि मित्र म्हणतात तुझी वाट आमच्याकडे वेगळीच दिसते. धन्यवाद, इझारकाठी.

---

मुक्ता_पुणे | बुधवार, सकाळी ११:०५

जुन्या नकाशात नावंही जुनी असतात, हे राहिलं. मी मागच्या वर्षी धाराशिव शोधत होते, सापडेना. उस्मानाबाद टाकल्यावर सापडलं. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर यांचंही तेच. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांकही २०१० साली बदलले. मुंबई-गोवा पूर्वी १७ होता, आता ६६. पुणे-बंगळूरू ४ होता, आता ४८. पाटीवर ६६ आणि यंत्रात १७, असा गोंधळ होतो. बाबा अजूनही "एनएच फोर"च म्हणतात, त्यांना त्रास नाही.

---

बुलेटवाली | बुधवार, सकाळी ११:३०

आमच्याकडे सहाचा ५३ झाला आणि साताचा ४४. ढाब्यावर मात्र आजही "सात नंबर रोड" सांगा, सगळ्यांना कळतं.

---

दुर्बीण_काका | बुधवार, दुपारी ४:१०

कोकणात चालला आहात म्हणून एक लिहितो. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं गेली, माणसं गेली. त्या रात्री प्रत्येक नकाशात तो पूल होता. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, जून २०१७ मध्ये खुला झाला.

वरंध घाटही पावसाळ्यात पुष्कळदा बंद ठेवतात. ती माहिती आजच उतरवलेल्या नकाशातही असेलच असं नाही. सकाळी निघताना वाटेतल्या चहावाल्याला एकदा विचारा, "खाली रस्ता चालू आहे का?" आणि पाण्याखाली गेलेल्या मोरीवर, यंत्र काहीही म्हणो, चाक घालू नका.

---

सह्यवाट | बुधवार, रात्री ११:५०

काका, नक्की. आम्ही पावसाळा संपल्यावरच निघतोय, तरी विचारूनच जाऊ.

आजची हकीकत. आधी सॉफ्टवेअर चढवलं, तारीख जागेवर आली. मग १६ जीबीचं कार्ड फॅट३२ करून घेतलं, बीबीबाइकवर चौकोन आखला, दुवा आला, फाइल ठेवली. कार्ड घातलं. यंत्र सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पडदा काळाच. पोटात गोळा आला. बायको म्हणाली, हात लावू नकोस, थांब. मिनिट-दीड मिनिटाने नकाशा आला आणि आमच्या गल्लीचं नाव दिसलं. जुन्या नकाशात आमची गल्लीच नव्हती, तिथे मोकळं शेत होतं.

नकाशावेडाभाऊंनी सांगितल्याप्रमाणे जुन्यावरची खूण काढली. आता भोरकडची ती वाट पुन्हा विचारून पाहिली. गुलाबी रेघ धरणाला वळसा घालून वरच्या नव्या रस्त्याने गेली! खुर्चीतून उठून नाचलो.

एकच अडलंय. हरिहरेश्वर ते केळशी वाट काढली तर फेरीबोटीची खूण काढूनही यंत्र आंबेतवरूनच नेतंय.

---

नकाशावेडा | गुरुवार, सकाळी ६:५५

दोन शक्यता आहेत. एक, तुम्ही "कमी वेळ" निवडलंय आणि यंत्राला फेरीबोट फार सावकाश वाटतेय. "कमी अंतर" करून बघा. दुसरी, जेट्टीपर्यंतचा रस्ता आणि फेरीबोटीची रेघ यांची टोकं नकाशात एकमेकांना जोडलेली नसतील. डोळ्यांना जोडलेली दिसतात, पण मध्ये केसाएवढी फट असली तरी यंत्राला तिथे खाडीच दिसते. मी ऑफिसला जाण्याआधी उघडून बघतो.

---

नकाशावेडा | गुरुवार, सकाळी ७:४०

फेरीबोटीची रेघ ठीक आहे, दोन्हीकडे जोडलेली आहे. म्हणजे पहिलंच कारण. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे वाट तोडा. हरिहरेश्वर ते बागमांडला जेट्टी हा एक टप्पा, वेश्वी जेट्टी ते केळशी हा दुसरा. फेरीबोटीत यंत्राने वाट काढायची गरजच नाही, तिथे वाट नावाडी काढतो. दाभोळ आणि तवसाळलाही असंच करा.

---

रांगडा_कोल्हापूर | गुरुवार, सकाळी ८:००

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

---

सह्यवाट | गुरुवार, रात्री १०:३०

टप्पे तोडले, सगळं बरोबर आलं. चौघांच्या फोनवर ट्रॅकही घातला. उद्या पहाटे पाचला चांदणी चौकातून निघतो. परत आल्यावर लिहितो.

---

सह्यवाट | पुढचा बुधवार, रात्री ९:१०

सुखरूप परतलो. कोल्हापुरात रांगडाभाऊंनी मिसळ खाऊ घातली, तिसऱ्यांदा आणलेला कट आम्हाला संपवता आला नाही. भाऊ, मनापासून आभार.

यंत्राने चार दिवसांत दोनदाच चुकवलं. एकदा गुहागरच्या आधी एका वाडीतल्या पाखाडीला रस्ता समजून पायऱ्यांवर नेलं. उतरून चौघांनी गाड्या हाताने मागे ढकलल्या. दुसरं मात्र उलटं झालं. दापोली तालुक्यात एका गावाला बाहेरून वळसा घालणारा नवाकोरा डांबरी रस्ता होता, पट्टेही अजून मारलेले नव्हते, आणि पडद्यावर आमचा बाण मोकळ्या पांढऱ्या जागेतून चाललेला. मी मुद्दाम वेग कमी केला, ट्रॅकची नोंद चालू आहे ना ते पाहिलं आणि शेवटपर्यंत तोच रस्ता धरला. सव्वा किलोमीटर भरला. परतताना मित्राला पुन्हा एकदा त्यावरून उलटा पाठवला, म्हणजे दोन नोंदी झाल्या.

नकाशावेडाभाऊ, दोन्ही जीपीएक्स माझ्याकडे आहेत. पाखाडीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा फोटोही आहे. खातं कसं उघडायचं आणि पहिली रेघ कुठून काढायची, ते सांगाल का? मला हे स्वतः काढायचं आहे.

---

नकाशावेडा | बुधवार, रात्री ९:२५

रविवारी सकाळी नऊला फोन करा, सोबत बसून काढू. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

तोवर एक काम. रस्त्याच्या दोन्ही टोकांना तो जुन्या रस्त्याला नेमका कुठे मिळतो, ते ट्रॅकमध्ये मोठं करून बघून ठेवा. तिथेच जोड द्यायचा आहे. आणि गावातल्या कुणाला त्या रस्त्याचं नाव विचारलं होतं का?

---

सह्यवाट | बुधवार, रात्री ९:३१

विचारलं होतं. टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, नाव अजून पडलं नाही.